वाचकांचे प्रश्न : नवे इंग्रजी शब्द आणि माजी सैनिकाचा नोकरीचा अर्ज

इंग्रजी भाषेविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तरे दिली जातात. या अंकासाठी निवडलेली चार पत्रे वेगवेगळ्या गावांतून आली असली तरी एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तराला जाऊन मिळते, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : इंग्रजी शब्दकोशात दर वर्षी शेकडो नवे शब्द घातले जातात, अशा बातम्या येतात. हे शब्द तयार कोण करते? आपल्याकडे शासनाचा भाषा विभाग परिभाषा कोश तयार करतो, तशी इंग्रजीसाठी एखादी अधिकृत संस्था आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : अशी संस्था नाही. फ्रेंच भाषेवर देखरेख ठेवण्यासाठी १६३५ साली अकादमी स्थापन झाली आणि ती आजही आहे. इंग्रजीत मात्र तशी अकादमी काढण्याच्या सूचना अनेकदा होऊनही ती कधीच उभी राहिली नाही. ऑक्सफर्डचा थोरला शब्दकोश शब्द तयार करीत नाही, लोकांनी वापरात आणलेल्या शब्दांची नोंद करतो. जेम्स मरे यांनी १८७९ साली त्या कोशाचे संपादन हाती घेतले, तेव्हा ठिकठिकाणच्या वाचकांनी पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचून त्यांतील वाक्ये कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली, आणि त्या चिठ्ठ्यांच्या ढिगाऱ्यातून शब्दांचे अर्थ आणि वय ठरवले गेले. आजही एखादा शब्द वेगवेगळ्या लोकांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, पुरेसा काळ वापरल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय त्याला कोशात जागा मिळत नाही. ‘गूगल’ हे क्रियापद कोशात आले २००६ साली; लोक त्याआधी कित्येक वर्षे ‘गूगल करून बघ’ म्हणतच होते.

शब्द घडतात कसे, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. पूर्णपणे शून्यातून निर्माण झालेले शब्द फार थोडे असतात. बहुतेक नवे शब्द जुन्या सामग्रीतूनच उभे राहतात. दोन शब्द शेजारी ठेवून किंवा मागेपुढे प्रत्यय लावून शब्द तयार होतात, हे शाळेतच शिकवले जाते, त्यामुळे त्यावर फार रेंगाळत नाही. लांब शब्दाचा तुकडा पाडूनही नवा शब्द मिळतो. ‘ऑम्निबस’चा ‘बस’ आणि ‘टेलिफोन’चा ‘फोन’ झाला. दोन शब्दांचे तुकडे एकमेकांत मिसळतात, तेव्हा ‘स्मोक’ आणि ‘फॉग’ मिळून ‘स्मॉग’ होतो. लंडनच्या धुराने काळवंडलेल्या धुक्यासाठी हेन्री देव्ह्यू या डॉक्टरांनी १९०५ साली हा शब्द एका परिषदेत मांडला, आणि आज तो दिल्लीच्या हिवाळ्याच्या बातम्यांत रोज भेटतो. कधी उलटी चाल पडते. ‘एडिटर’ हा शब्द आधी होता. त्याच्या शेवटी कर्त्याचा प्रत्यय आहे असे मानून लोकांनी तो काढून टाकला आणि ‘एडिट’ हे क्रियापद शंभराहून अधिक वर्षांनी जन्माला आले.

मला स्वतःला सर्वांत अधिक शिकवून जातात ते माणसांच्या नावांवरून आलेले शब्द, कारण त्यांत शब्दाच्या जन्माची वेळ आणि जागा जवळून पाहता येते. चार्ल्स बॉयकॉट हा इंग्रज गृहस्थ तरुणपणी काही वर्षे ब्रिटिश सैन्याच्या ३९व्या पायदळ रेजिमेंटमध्ये होता. सैन्य सोडल्यावर त्याने आयर्लंडमध्ये शेती केली आणि पुढे मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी म्हणून काम पत्करले. ‘कॅप्टन’ ही उपाधी नागरी आयुष्यातही त्याला चिकटून राहिली. १८८० साली पीक बुडाले, कुळांनी खंडात सूट मागितली, ती पुरेशी मिळाली नाही आणि सप्टेंबरमध्ये जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा बजावण्यात आल्या. कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लँड लीग या संघटनेच्या सल्ल्यानुसार गावाने हत्यार उचलले नाही. नोकरचाकर काम सोडून गेले, दुकानदारांनी माल देणे बंद केले, शेतात कापणीला माणूस मिळेना. शेवटी अल्स्टरमधून पन्नासेक मजूर आणून शेकडो सैनिकांच्या पहाऱ्यात पीक काढावे लागले आणि त्या पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च त्या बंदोबस्तावर झाला. १ डिसेंबरला बॉयकॉट तेथून निघून गेला.

या प्रकाराला नाव काय द्यावे, असा प्रश्न तेथे आलेल्या जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकारापुढे पडला. ‘ऑस्ट्रसाइझ’ (समाजाबाहेर टाकणे) हा ग्रीक मुळाचा शब्द इंग्रजीत होता, पण तो शेतकऱ्यांना कळणार नाही, असे स्थानिक धर्मगुरू जॉन ओमॅली यांचे म्हणणे पडले आणि त्यांनी ‘बॉयकॉट करणे’ असे म्हणावे असे सुचवले, अशी आठवण रेडपाथने लिहून ठेवली आहे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये तो शब्द छापून आला आणि थोड्याच काळात फ्रेंच आणि जर्मन भाषांनीही तो घेतला. सूचना एका माणसाची असली तरी तिचा शब्द झाला, कारण ती कृती समोर घडत होती, तिला सोपे नाव हवे होते आणि ज्यांना ती करायची होती त्यांच्या तोंडी ते बसले. आपल्याकडे ‘वाळीत टाकणे’ आणि ‘बहिष्कार’ हे शब्द जातपंचायतीच्या व्यवहारात आधीपासून होते. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीत लोकमान्यांच्या चतुःसूत्रीतून ‘बहिष्कार’ला जो राजकीय अर्थ मिळाला, त्यामागे हाच आयरिश प्रकार होता.

प्रश्न : मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सेंटर आमच्या गावात असल्यामुळे लहानपणापासून फौजी बोली कानावर पडते. सैन्यामुळे इंग्रजीत आलेले शब्द कोणते? ते सैन्यातून बाहेर कसे पडले? (निवृत्त शिक्षक, बेळगाव)

उत्तर : सैन्यात वेगवेगळ्या मुलखांची माणसे एकत्र राहतात, त्यांना थोडक्यात आणि पटकन बोलावे लागते आणि नोकरी संपली की ती आपापल्या गावी परततात. नवे शब्द तयार होण्यास आणि पसरण्यास याहून अनुकूल जागा सापडणे कठीण.

हिंदुस्थानात नोकरी केलेल्या गोऱ्या शिपायांनी आपल्या भाषांतले कितीतरी शब्द उचलले. ‘खाक’ म्हणजे धूळ, त्यावरून धुळीच्या रंगाची ती ‘खाकी’. १८४६ साली हॅरी लम्सडेन यांनी पेशावरला उभारलेल्या गाइड्स पलटणीपासून तो गणवेश रुळला आणि पुढे जगभरच्या सैन्यांनी घेतला. ‘विलायती’ या शब्दाचे ‘ब्लायटी’ झाले आणि पहिल्या महायुद्धात खंदकातल्या शिपायांनी मायदेशाला ते लाडके नाव दिले. घरी पाठवले जाईल इतपत, पण जीवावर न बेतणारी जखम म्हणजे ‘ब्लायटी वन’. ‘खुश’वरून आलेला ‘कुशी’ हा शब्दही त्याच शिपायांच्या बोलीतला. आज इंग्रज कारकून आरामाच्या नोकरीला ‘कुशी जॉब’ म्हणतो, तेव्हा तो शब्द कोणाच्या पडशीतून आला याची त्याला क्वचितच कल्पना असते.

नागरी कामकाजात आज रोज वापरले जाणारे दोन शब्द तर थेट लढाईच्या जगातले आहेत. ‘डेडलाइन’ म्हणजे अमेरिकन यादवी युद्धातल्या बंदी छावण्यांत कैद्यांसाठी आखलेली हद्द. १८६४ मध्ये अँडरसनव्हिलच्या छावणीत ती रेषा ओलांडणाऱ्यावर पहारेकरी गोळी झाडीत. पुढे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांनी हा शब्द मजकूर देण्याच्या अखेरच्या वेळेसाठी घेतला. ‘फ्रीलान्स’चा उगम कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९ च्या लेखनात आहे, तेथे तो कोणत्याही एका राजाला न बांधलेल्या भाडोत्री भालाइतांसाठी येतो.

नोकरी संपवून परतणाऱ्या सैनिकाविषयीचेही शब्द याच रीतीने आले. ‘सिव्हिलियन’चा तुकडा पाडून ‘सिव्ही’ झाला आणि सैन्याबाहेरच्या जगाला ब्रिटिश शिपाई ‘सिव्ही स्ट्रीट’ म्हणू लागले. ‘डिमोबिलाइझ’ म्हणजे सैन्यातून मोकळे करणे; त्याचा ‘डिमॉब’ झाला पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटनने सुमारे दीड वर्षात ४० लाखांहून अधिक माणसे सैन्यातून मोकळी केली आणि गणवेश उतरवून जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाला सरकारी खर्चाने कोट, पँट, सदरा, टाय, बूट, टोपी आणि रेनकोट दिला. त्या कपड्यांना ‘डिमॉब सूट’ हे नाव पडले. नोकरीच्या मुलाखतीला माणूस तोच घालून जाई आणि एकाच धाटणीच्या त्या सुटामुळे तो कोठून आला हे समोरच्याला लगेच ओळखू येई. अमेरिकेतल्या ‘जीआय’चा प्रवासही पाहण्याजोगा आहे. भांडाराच्या यादीत जस्त चढवलेल्या लोखंडी बादल्यांपुढे ‘गॅल्व्हनाइज्ड आयर्न’ची ही दोन आद्याक्षरे लिहिली जात, पुढे ती ‘गव्हर्न्मेंट इश्यू’ म्हणून वाचली जाऊ लागली आणि अखेर खुद्द शिपायालाच ते नाव पडले. परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा अमेरिकन कायदा २२ जून १९४४ रोजी मंजूर झाला, तो लोकांच्या तोंडी आजही ‘जीआय बिल’ आहे.

आपल्याकडचा ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’ हा तर तीन पिढ्यांच्या ओळखीचा शब्द. ब्रिटनमध्ये तो आधीपासून होता. पण भारतात या कार्यालयांचे देशव्यापी जाळे १९४५ मध्ये उभे राहू लागले ते युद्धातून मोकळ्या होणाऱ्या सैनिकांना आणि युद्धकामावरच्या कामगारांना नोकऱ्या मिळवून देण्यासाठी. १९४८ च्या सुमारास ती सर्व बेकारांना खुली झाली. नाव नोंदवायला रांगेत उभे राहिलेल्या किती तरुणांना ही गोष्ट ठाऊक असेल?

प्रश्न : मी पायदळातून १७ वर्षांच्या सेवेनंतर हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षे सीक्यूएमएच, म्हणजे कंपनीचे (पलटणीतल्या एका तुकडीचे) सामान सांभाळणारा हवालदार, होतो. औद्योगिक वसाहतीतल्या गोदामांच्या जागांसाठी इंग्रजीत अर्ज केले, पण दर वेळी मला सुरक्षारक्षकाचीच जागा देऊ केली जाते. अर्जात काय चुकते आहे? (माजी सैनिक, सातारा जिल्हा)

उत्तर : आपण अर्जाची प्रत सोबत पाठवलीत हे फार बरे झाले. आपला अनुभव कमी पडलेला नाही; तो वाचणाऱ्यापर्यंत पोचलेला नाही. अर्जातील मुख्य ओळीत पलटणीचे नाव, त्यानंतर ‘सीक्यूएमएच’, त्यानंतर कंपनीचे अक्षर आणि काही अभ्यासक्रमांची आद्याक्षरे एवढेच आहे. दुसऱ्या महायुद्धापासून इंग्रजीत आद्याक्षरांच्या शब्दांचा पूर आला. त्यांतले ‘रडार’सारखे काही बाहेरच्या जगात इतके मिसळले की त्यांचा विस्तार कोणाला विचारावासाही वाटत नाही. बाकीचे बहुसंख्य शब्द मात्र छावणीच्या कुंपणाच्या आतच राहिले. ‘सीक्यूएमएच’ म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर सगळे कोठार उभे राहते. कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात बसलेल्या पंचविशीतल्या पदवीधराला त्यातून काहीच बोध होत नाही.

दुसरी अडचण मराठी मुलखात विशेष आहे. ‘हवालदार’ म्हटले की आपल्याकडे चौकातला पोलीस आठवतो. शिवकालात हवालदार हा गडाचा प्रमुख अधिकारी होता आणि गडावरच्या धान्याचा, सामानाचा हिशेब कारखानिसाकडे असे. आपण कंपनीत जे काम केले ते त्या कारखानिसाचेच. पण अर्ज वाचणारा हुद्द्याचे नाव वाचतो आणि बंदोबस्ताचा माणूस असे समजून आपल्याला फाटकावर उभे करतो. हा त्या वाचणाऱ्याचा अपुरेपणा आहे, हे मी स्पष्टच म्हणतो. तरीही अर्ज आपल्या हाती आहे आणि त्याचे मन आपल्या हाती नाही, म्हणून दुरुस्ती अर्जात करावी लागते.

कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार काय करतो, ते हुद्दा बाजूला ठेवून लिहून काढा. सुमारे १२० माणसांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, तंबू, भांडी आणि उपकरणे आपल्या ताब्यात होती. आलेल्या आणि दिलेल्या प्रत्येक वस्तूची लेजरमध्ये नोंद होत होती. ठरावीक मुदतीने तपासणीचे बोर्ड बसत असे आणि प्रत्यक्ष मोजणी लेजरशी ताडून पाहिली जाई. तूट निघाली तर तिचा जबाब द्यावा लागे. युनिटची बदली झाली की सगळे सामान बांधून, रेल्वेने आणि ट्रकने हलवून, नव्या ठिकाणी पुन्हा मांडावे लागे, आणि हँडिंग-टेकिंगच्या, म्हणजे ताबा देण्याघेण्याच्या, कागदांवर सही करताना एक सतरंजीही कमी पडून चालत नसे. हेच काम गोदामात ‘इन्व्हेंटरी कंट्रोल’, ‘स्टॉक व्हेरिफिकेशन’ आणि ‘डिस्पॅच’ या नावांनी चालते. म्हणून इंग्रजी अर्जातील पहिल्या वाक्याचा आशय असा असावा : १२० माणसांच्या तुकडीच्या सामानाची इन्व्हेंटरी अमुक वर्षे सांभाळली, त्यात अमुक इतक्या प्रकारच्या वस्तू होत्या, आणि प्रत्येक स्टॉक व्हेरिफिकेशनला नोंदी व प्रत्यक्ष साठा यांचा मेळ बसला. ही शेवटची गोष्ट आपल्या बाबतीत खरी असेल तरच लिहावी. वस्तूंच्या प्रकारांचा आकडाही आठवणीतून असेल तर ‘सुमारे’ असे म्हणावे. त्यानंतर हाताखाली किती माणसे होती ते लिहावे. हुद्दा आणि पलटण शेवटी, पूर्ण शब्दांत आणि अभिमानाने लिहावी. शस्त्रांचा किंवा तैनातीच्या ठिकाणांचा तपशील देण्याचे कारण नाही. गोदामात संगणकावर साठ्याची नोंद ठेवतात; ती प्रणाली आपण हाताळली नसेल तर एखादा लहान अभ्यासक्रम आधीच करून घ्यावा, कारण मुलाखतीत पहिला खोचक प्रश्न त्यावरच येतो.

अमेरिकेत ही अडचण इतकी जुनी आहे की सैन्यातील कामाचा सांकेतिक क्रमांक घातला की त्याच्याशी जुळणाऱ्या नागरी नोकऱ्या दाखवणारी सरकारी संकेतस्थळे तेथे आहेत. आपल्याकडे केंद्रात पुनर्वसन महासंचालनालय आहे आणि महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाची जिल्हा कार्यालये आहेत. आपली नोंदणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात झाली नसेल तर ती आधी करावी. पुण्यातील माजी सैनिक महामंडळ, म्हणजे ‘मेस्को’, हेही एक ठिकाण आहे; मात्र तेथील बऱ्याच जागा सुरक्षेच्याच असतात, हे लक्षात ठेवून चौकशी करावी. केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांच्या सरळ भरतीत माजी सैनिकांना १० टक्के जागा राखीव असतात आणि सार्वजनिक क्षेत्रातील बँकांमध्ये लिपिक पदांसाठी १४.५ टक्के, यात अपंगत्व आलेल्या सैनिकांचा आणि हुतात्म्यांच्या अवलंबितांचा ४.५ टक्के वाटा धरलेला आहे. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत समांतर आरक्षण १५ टक्के आहे. केंद्राच्या भरतीत वय मोजताना प्रत्यक्ष वयातून सैन्यातील सेवा वजा केली जाते आणि उरलेले वय कमाल मर्यादेपेक्षा ३ वर्षांहून अधिक नसले की उमेदवार पात्र ठरतो. दहावी उत्तीर्ण आणि किमान १५ वर्षांची सेवा झालेल्या सैनिकाला, ज्या गट ‘क’ पदांना विशिष्ट तांत्रिक शिक्षण लागत नाही, तेथे पदवीधराच्या बरोबरीने धरण्याची तरतूद आहे. आपली १७ वर्षे झाली आहेत, तेव्हा दहावीचे प्रमाणपत्र आणि डिस्चार्ज बुक घेऊन ही बाब जिल्हा कार्यालयात याच महिन्यात विचारून घ्या.

दुरुस्त केलेला अर्ज आपण पुन्हा पाठवलात तर तो पाहून देण्यास मला आनंद होईल.

प्रश्न : माझे वडील नौदलातून निवृत्त झाले. त्यांच्या अर्जात ‘व्हेटरन’ लिहावे की ‘एक्स-सर्व्हिसमन’? हल्ली ‘व्हेट्रप्रेन्युअर’ असाही शब्द दिसतो, तो योग्य आहे का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : सरकारी अर्जात ‘एक्स-सर्व्हिसमन’ हेच लिहावे. त्या शब्दाची व्याख्या केंद्राच्या नियमांत दिलेली आहे आणि आरक्षण, वयाची सवलत हे सर्व त्याच शब्दावर अवलंबून आहे. ‘व्हेटरन’ हा आदराचा शब्द आहे. फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, तो दिवस आता ‘व्हेटरन्स डे’ म्हणून पाळला जातो. खासगी कंपनीच्या अर्जात किंवा ओळखपत्रावर हा शब्द खुशाल वापरावा. ‘व्हेट्रप्रेन्युअर’ म्हणजे ‘व्हेटरन’ आणि ‘आंत्रप्रेन्युअर’ यांचे तुकडे जोडून अमेरिकेत झालेला, स्वतःचा धंदा काढणाऱ्या माजी सैनिकासाठीचा शब्द. ‘स्मॉग’ ज्या रीतीने झाला त्याच रीतीचा हा असल्यामुळे व्याकरणाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. पण बँकेत कर्जाचा अर्ज करताना तो लिहू नये, कारण कर्ज देणारा अधिकारी माजी सैनिकांसाठीची योजना त्या नावाने शोधणार नाही.